मंगळवारपासून गप्प

“आता कसं वाटतंय, आजोबा?” मंगळवारी कानाच्या दवाखान्यातल्या मुलीनं अण्णांच्या कानात मशीन बसवून साध्या आवाजात विचारलं.

अण्णा दचकले. मग लहान मुलासारखे हसले. “येतंय की ऐकू!” ते म्हणाले, पण सवयीनं ओरडूनच. बाहेर बाकावर बसलेली माणसंही हसली.

त्यांचा कोट हातात धरून शेजारी उभी असलेली सून हसली खरी, पण जरा उशिरानं.

अण्णांचा उभा जन्म छापखान्यात गेला होता. तिथल्या खडखडाटानं त्यांचे कान केव्हाच खाल्ले होते. घरात त्यांना काही सांगायचं म्हणजे गळा फाडायचा. मुलगा दारातूनच “अण्णा, जेवायला!” अशी आरोळी ठोकायचा. ती ऐकून शेजारचेही हात धुऊन बसत असतील, असं नात म्हणायची. सुनेला मात्र ओरडणं जमायचं नाही. तिचा आवाजच बारीक.

ती घरी शिवणकाम करायची. नवे कपडे नव्हे, जुन्यांची डागडुजी. कोटाची चेन बदल, अस्तर लाव, बाह्या आखूड कर. थंडी पडली की मान वर करायला फुरसत नसायची. अण्णा दुपारी तिच्या शिलाई मशीनपाशी, उन्हाच्या पट्ट्यात स्टूल ओढून बसत आणि उसवायचं ते उसवून देत. आणि ती बोलत राही. अगदी भिंतीशी बोलावं तसं, मनात येईल ते. आई गेली तेव्हा वेळेवर पोचता आलं नाही, याचं रडू तिनं इथेच रडून घेतलं होतं. एकदा नवऱ्याशी भांडून बॅग भरली होती, तेही इथेच सांगितलं होतं. “तुमच्या खोकल्यानं डोळ्याला डोळा लागत नाही हो, अण्णा,” हेसुद्धा ती बिनधास्त बोलून मोकळी व्हायची. अण्णा मान डोलवत, धागे ओढत.

भिंतीला कान असतात म्हणतात. तिच्या भिंतीला ते आता खरोखरच आले होते.

घरी परतताना अण्णा रस्त्यात मध्येच थांबले. “माझे बूट एवढे करकरतात? कुणी बोललं नाही ते कधी!”

“हो,” सून म्हणाली. एवढंच.

तो आठवडा म्हणजे नुसती धावपळ होती. नवऱ्याची दाढ काढायची होती, आणि एवढा मोठा माणूस दंतवैद्याकडे एकटा जायला तयार नव्हता. गीझर बिघडला. दुरुस्तीवाला “निघालोच” म्हणायचा आणि यायचा नाही. थंडी संपली की लेक दूरच्या, थंड हवेच्या शहरात शिकायला जाणार होती. तिच्यासाठी सूटकेस आणायची होती, जाड स्वेटर आणायचा होता. गिऱ्हाइकांच्या कोटांचा ढीग कमरेएवढा झाला होता. त्यात शनिवारी नणंद मुलांना घेऊन राहायला आली.

पण घर कसं हलकं झालं होतं! कुणी ओरडत नव्हतं. नात आजोबांच्या कानाशी लागून गुणगुणायची. जेवताना नणंदेनं विनोद सांगितला तर सगळ्यांच्या आधी अण्णाच हसले, आणि ते पाहून नणंदेचे डोळे भरून आले. नवरा सुजलेला गाल धरून म्हणाला, “हे मशीन आधीच आणायला हवं होतं.” सुनेलाही ते मनापासून पटलं. दुसऱ्याचं सुख बघून जळणारी ती नव्हती. देवाचे आभार तिनंही मानले.

फक्त दुपारी अण्णा स्टुलावर येऊन बसले, की तिच्या तोंडाला कुलूप लागायचं. “चहा ठेवू?” “कात्री द्या जरा.” यापुढे गाडी जायची नाही. लेक जाणार म्हणून सगळे आनंदात होते, आणि तिच्या मात्र काळजाचं पाणी पाणी होत होतं. ते सांगणार कुणाला? ती खाली मान घालून टाके घालत राहिली.

रविवारी दुपारी सगळे नणंदेला गाडीत बसवून द्यायला गेले. घरात दोघंच उरली. अण्णा स्टुलावर बसले. थोडा वेळ त्यांनी धागे ओढले. मग कानातलं मशीन काढलं, डबीत ठेवलं, डबीचं झाकण लावलं आणि ती तिच्यासमोर सरकवली.

“बोल आता,” ते म्हणाले.

सुनेचा पाय शिलाई मशीनच्या पेडलवर थांबला.

“हे घातल्यापासून सगळ्यांचं ऐकू यायला लागलं,” अण्णा म्हणाले, “आणि तुझं तेवढं बंद झालं. असला सौदा नको मला.”

तिनं डबी उघडली, मशीन बाहेर काढलं आणि जपून, आपल्या हातांनी, त्यांच्या कानात बसवलं. मग नेहमीच्या बारीक आवाजात विचारलं, “अण्णा, मी बोलायचे त्यातलं तुम्हाला काही म्हणजे काहीच कळत नव्हतं ना?”

“एक अक्षर नाही.”

“मग इतकी वर्षं रोज इथे येऊन का बसत होतात?”

अण्णांनी हातातली बाही बाजूला ठेवली.

“घरात सगळे माझ्यावर ओरडायचे, सूनबाई,” ते म्हणाले. “माझ्याशी बोलायचीस ती तू एकटीच.”