तिच्यापुरते शेंगोळे

भिगवणच्या खानावळीत त्या दुपारी बसायला जागा नव्हती. जास्मिन ताटं नेत होती, अब्बा गल्ल्यावर होते आणि अम्मी आत चिलापी मासे तळत होती. बाहेरच्या पाटीवर नाव तिचंच होतं : लैलाची मच्छी.

नागपूरची योगिनी पाणवठ्यावरचे पक्षी बघून जेवायला आली होती. घरचे रोज काय खातात ते खाल्ल्याशिवाय मुलूख कळत नाही, असं म्हणत ती थेट स्वयंपाकात शिरली आणि मागच्या शेगडीवरच्या लहान पातेल्याकडे बोट करून म्हणाली, "यात काय आहे?"

"हुलग्याचे शेंगोळे. माज्यापुरते. आमच्या कळसला, माहेरी, लई व्हायचे."

"मग मला हेच वाढा."

"एवढ्या लांबनं येऊन शेंगोळे? लोक मच्छीसाठी येत्यात हितं."

"तुम्ही नाही खात मच्छी?"

अम्मीनं गल्ल्याकडे एकदा पाहिलं. "वासच सोसत न्हाय, ताई. ह्यांना सांगू नका. पाटीला नवा रंग दिलाय त्यांनी."

दोघी हसल्या. मग दारातल्या जास्मिनला अम्मी म्हणाली, "तू बी चाखतीस का?" रोजच विचारायची.

"तूच खा," जास्मिन रोजच्यासारखं म्हणाली आणि ताटं घेऊन बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मी उठली नाही.

चाळिसाव्याला फातिहासाठी गेलेल्याच्या आवडीचं मांडतात. अब्बांनी चांगली मोठी चिलापी आणली. बायकांनी ती तळली, रस्सा केला, ताट मांडलं. मौलाना यायचे होते. अब्बा पाहुण्यांना सांगत होते, "गिऱ्हाइकाला कमी पडू नये म्हणून लैलानं कधी तुकडा तोंडात घातला न्हाय."

अब्बांच्या बहिणीनं, फुफूनं, डोळ्याला पदर लावला. "आता तिकडं तरी पोटभर मच्छी खाऊ दे तिला."

जास्मिन आत गेली. सकाळी तिनं एकटीनं शेंगोळे वळले होते. काही जाड, काही तुटके. ते लहान पातेलं तिनं बाहेर आणलं, मच्छीचं ताट उचलून बाजूला सारलं आणि त्या जागी ठेवलं.

"ह्ये काय गं?" फुफू म्हणाली. "हुलगे? राजमहंमदनं बायकोच्या नावानं घोड्याचा खुराक मांडला म्हणतील लोक."

"म्हणू दे. तिला मच्छीचा वास सोसत नव्हता."

"कोण म्हणतं?" अब्बांनी विचारलं.

"तीच म्हणाली. नागपूरच्या बाईला."

"आमाला कधी बोलली न्हाय ती."

"त्या बाईनं विचारलं, अब्बा. घटकाभर जेवायला आलेल्या बाईनं. आपल्यातल्या कुणी विचारलं? आणि आता त्याग म्हणून सांगताय. त्याग नव्हता तो. तिला आवडत नव्हती. एवढंच."

मच्छीचं ताट अब्बांच्या पायाशी होतं. ते त्याच्याकडे बघत राहिले.

जास्मिन पातेल्यापाशी खाली बसली. शेजारी एक रिकामी ताटली ठेवली. आणि सगळ्यांदेखत, त्याच भांडायच्या आवाजात म्हणाली, "अम्मी, मला पण वाढ."