खऱ्या नावाचा माणूस

"खोट्या नावानं लिहिनाऱ्याले सरळ जेलात टाकाचा कायदा पायजे," वासुदेवराव गुल्हाने म्हणाले आणि सोफ्यावर आणखी ऐसपैस बसले.

हिंगणघाटचे हे कापड व्यापारी मुलाला, धनंजयला, घेऊन नाचणगावला होणाऱ्या सुनेच्या घरी आले होते. साखरपुडा झाला होता. आणि आता 'रानी' नावाच्या कुणीतरी त्या मुलीच्या, समीक्षाच्या, मोबाईलवर मेसेज पाठवला होता : धनंजयचं लग्न आधीच झालेलं आहे, बायको वडनेरला माहेरी बसून आहे. मेसेज समीक्षाला आला, तेव्हा पोलिसांत तक्रारही तिनंच करायची, असं वासुदेवरावांनी ठरवून टाकलं होतं. गाडी दारात उभी होती.

"जाऊन ये, बेटा," समीक्षाचे वडील महादेवराव खाली बघत म्हणाले. मंडप, आचारी, सगळं ठरलं होतं.

समीक्षानं धनंजयला विचारलं, "मेसेज खरा हाये का?"

धनंजयनं बापाकडे पाहिलं. वय बत्तीस, पण बापाकडे पाहिल्याशिवाय त्याला खाकरताही येत नसे.

"प्रश्न तो नाई," वासुदेवराव म्हणाले. "प्रश्न नावाचा हाये. ज्याले सांगाचं त्यानं सोताच्या नावानं सांगावं. तोंड लपवून दुसऱ्याची इज्जत काढनं, हा गुन्हा हाये."

"अन् लग्नाच्या साइटवर यायनं 'अविवाहित' लिहिलं, ते?" समीक्षानं विचारलं.

"पन नाव तं खरं टाकलं ना त्यानं! फोटो भी त्याचाच हाये."

हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं, की कुणाला हसूही आलं नाही. धनंजयनं मान डोलावली. आपला फोटो आपलाच आहे, याचा त्याला धीर आला असावा.

समीक्षानं 'रानी'ला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि मोबाईल टीपॉयवर ठेवला.

"ताई, मी समीक्षा. धनंजय अन् त्यायचे बाबूजी समोर बसले हायेत. ते म्हनतात, सोताच्या नावानं सांगा."

पलीकडे शिलाई मशीन चालू होती. ती थांबली.

"नाव पायजे का? मयुरी धनंजय गुल्हाने," बाई म्हणाली. "आधार कार्डावर अजून हेच हाये. नवऱ्यानं घराबाहेर काढलं, पन फारकत काई देल्ली नाई."

वासुदेवरावांनी हात लांबवून मोबाईल पालथा टाकला.

आवाज तरीही येतच राहिला. "बाबूजी, आयकून राह्यले ना?"

महादेवराव उठले. दाराची एकच फळी उघडी होती. त्यांनी दुसरीचीही कडी काढली आणि वासुदेवरावांना बाहेरच्या गाडीकडे हात दाखवला.