मागचा भार

नवं, दुप्पट वजनाचं इंजिन बाबलने होडीच्या मागच्या फळीला लावलं, तेव्हा होडीचं नाक वर उचललं गेलं आणि मागची कड जवळजवळ पाण्याला टेकली.

"मागे भार जास्त झालो," त्याची बायको शेवंती म्हणाली.

"तुका काय कळता?" सासू-सासऱ्यांसमोरच तो खेकसला.

सगळ्यांना बसवून त्याने खाडीत होडी भरधाव सोडली. वाळूचा पट्टा जवळ येताच वेग एकदम कमी केला. होडीमागून धावत आलेली तिचीच लाट मागच्या कडेवरून आत शिरली आणि होडी उलटली.

बाबलने सासऱ्यांना धरलं. गटांगळ्या खाणाऱ्या आईला शेवंतीने वाळूवर ओढलं, पालथं करून पाठ चोळली. बऱ्याच वेळाने म्हातारी खोकली.

"मोठी लाट इली, बाबा," शेवंती वडिलांना म्हणाली. नवऱ्याकडे तिने पाहिलं नाही.

सासऱ्यांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला. "पाण्यापुढे तू तरी काय करतलंस?"

बाबलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "लाट आमच्याच होडयेची होती," तो मान खाली घालून म्हणाला. "हिणा सांगल्यान होता. मी आयकूक नाय."

सासऱ्यांनी हात काढून घेतला.