आईची यादी

आई गेल्यावर तिचं स्वयंपाकघर आवरताना धाकट्या लेकीला साखरेच्या डब्यामागे एक जुना फोटो सापडला. कुणाच्या तरी लग्नातला घोळका होता, त्यात आई नव्हतीच. पण शेवटी शेवटी सगळंच विसरायला लागलेल्या आईने त्याच्या मागे आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात दिवसाची कामं लिहून ठेवली होती. गॅस बंद कर. कपडे वाळत घाल. धाकटीला फोन कर, रागावली असली तरी कर.

आईचे ते शेवटचे फोन धाकटीने मुद्दाम उचलले नव्हते.

धुणं बादलीत तसंच टाकून ती फ्रेमवाल्याकडे धावली. "काका, जिवापाड जपा. आईचं एवढंच उरलंय माझ्याकडे," एवढंच बोलली आणि बादलीतलं धुणं आठवून तशीच मागे फिरली.

संध्याकाळी फ्रेमवाल्याने काच पुसून फ्रेम तिच्यापुढे धरली. लग्नातला घोळका अगदी लख्ख दिसत होता.



"मागे कुणीतरी कामांची यादी खरडली होती, ताई. पण काळजी नको, पुठ्ठ्यावर असा चिकटवलाय की जन्मात निघायचा नाही."