मनमाडच्या पुढं

सुनेच्या अंगात हा चिकटपणा कुठून आला, ते गोजरबाईला कळत नव्हतं. खाण्यापिण्यात म्हणावं तर तसं नाही; आल्यागेल्याला ताट भरून वाढायची. पण रेल्वेच्या पासाचं नाव काढलं की कडूबाईचं तोंड शिवल्यासारखं व्हायचं. मच्छिंद्र विसापूर ठेसनावर गँगमन. त्याला वर्षाकाठी एकच फुकट पास मिळायचा, त्यात विधवा आईचंही नाव. भावाच्या घरभरणीला गोजरबाईनं दौंडपर्यंत तो मागितला, सून नाही म्हणाली. भाऊबीजेला मागितला, तेव्हाही नाहीच. शेवटी एसटीनं धक्के खात जावं लागलं आणि वर भावजयीला खोटं सांगावं लागलं, की पास सायबाच्या टेबलावर अडकलाय.

आता डिसेंबर सरत आला होता, आणि दौंडलाच भाच्याचा साखरपुडा होता. गोजरबाईनं सकाळीच ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं, पिशवी भरली आणि क्वार्टरच्या ओट्यावर येऊन बसली. शेजारच्या ओट्यावर पॉइंट्समनची बायको बद्रुन्निसा तांदूळ पाखडत होती. तिला ऐकू जाईल अशा आवाजात गोजरबाईनं सुरू केलं. माझ्या पोरानं उन्हातान्हात रूळ ठोकायचे आणि त्याच्या आईनं एसटीत उभ्यानं जायचं. वर्ष संपलं की पास बुडाला, मग काय त्याला हळदकुंकू वाहायचं? बद्रुन्निसा मान खाली घालून पाखडतच राहिली.

कडूबाई हात पुसत बाहेर आली.

"पास काढलाय, आत्याबाई. पन दौंडचा न्हाई."

"मग कुठला?"

"जबलपूरचा."

गोजरबाईचा पिशवीवरचा हात तिथंच राहिला.

जबलपूरला तिची मालन होती. जावई फौजेत. मालनचं पहिलं बाळंतपण, ते माहेरीच व्हायचं. पण दिवाळीत कळलं की जावयाला रजा नाही, आणि अशा दिवसांत पोरीला एकटीला कोण धाडणार? त्या दिवसापासून गोजरबाईनं हा विषय तोंडातून काढला नव्हता. मालनसाठी आणलेली डिंक-खारकांची पिशवी तिनं बाजेखाली ढकलली ती ढकललीच. दुष्काळ सरून नुकतं कुठं पीक हाती आलेलं. एवढ्या लांबचं तिकीट काढायचं कुणाच्या मनातही येण्यासारखं नव्हतं.

आणि पासाचं म्हणाल, तर गोजरबाईचा समज असा, की पास आपल्या लायनीपुरता. आपलं पोर ज्या लायनीवर राबतं, तिच्यावरच त्याच्या आईला फुकट बसू देणार. दौंड ते मनमाड. त्याच्या पुढं पास घेऊन गेलेलं माणूस तिनं पाहिलंच नव्हतं. विसापूरचा कागद तिकडं जबलपूरवाले मानतील का, असं तिनं विचारलं, तेही जरा दबक्या आवाजात.

कडूबाईचा बाप भुसावळच्या रेल्वे यार्डात कामाला होता. ती सांगत गेली. रेल्वे समदी एकच. दौंडला गेलं तरी वर्षाचा पास संपतो, जबलपूरला गेलं तरी तेवढाच संपतो. म्हणून तिनं तो दौंडवर घालवला नाही. आणि दिवाळीतच का काढला नाही, तर काढल्यापासून तीन महिने तो चालतो. तेव्हा काढला असता तर बाळंतीण न्हायच्या आत आत्याबाईंना परतावं लागलं असतं. आता पास सरत्या वर्षाचा, आणि यायचं ते फाल्गुनात, मालनचा सव्वा महिना उरकून. पासावर सामानही नेता येतं. तेव्हा बाजरी, डिंक-खारीक आणि दुपट्यांसाठी मऊ झालेली जुनी लुगडी तिनं बांधून ठेवली होती.

"मग आधी बोलायला काय झालं हुतं तुला?"

"तुमी सांगितलं असतं."

"कुनाला?"

"समद्यांना."

बद्रुन्निसाला हसू आवरेना. तिनं सूप तोंडाशी धरलं. मग तीही बोलली. तिचा दीर गनीभाई गार्ड होता. तो मावशींना मनमाडपर्यंत सांभाळून नेणार आणि तिथून पुढच्या गाडीत बायकांच्या डब्यात बसवून देणार. जावई जबलपूरच्या फलाटावर उभा राहणार. म्हणजे हिलाही ठाऊक होतं. गोजरबाईनं तिच्याकडं असं पाहिलं, की ती पुन्हा तांदळाला लागली.

मनातल्या मनात गोजरबाई गाडीत बसून पार मनमाडच्या पुढं गेली होती. आणि तिथंच तिला एक गोष्ट टोचली.

"गाडी भुसावळवरनं जाती ना गं?"

"व्हय."

"दोन वर्सं झाली तुला माहेरी जाऊन. वर्साचा हा एकच पास. तो तू माझ्यावर घालवलास?"

कडूबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "माझं नाव बी हाय पासावर. पन ह्यांचं आन पोरांचं कोन बघनार? आई येनारे ठेसनावर. तुमाला भाकरी द्यायला. गाडी थांबती तिथं जरा. बघा तिला, कशी दिसती ते येऊन सांगा."

रुळावर लांब कुठंतरी गँगच्या हातोड्यांचा आवाज चालू होता. गोजरबाई उठली. दौंडची पिशवी तिनं ओट्यावरच उपडी केली, आतला साखरपुड्याचा खण काढून झटकला आणि सुनेच्या हातात कोंबला.

"हा तुझ्या आईला देईन म्हनते. बांध सामानात," ती म्हणाली. मग दारात थांबून, बद्रुन्निसालाच काय, सगळ्या क्वार्टरांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं सुनेला सांगून टाकलं, "सून म्हनून तू लई अवघड हाईस, कडू. पन माझ्या मालनला भावजय चांगली गावली."