नुसता हात

चार वर्षांपूर्वी टेंभुर्णीहून विधवा बहिणीचं, कडूबाईचं पत्र आलं होतं, "दादा, बापाच्या घरातली एक खोली मला दे." वाटूरचं घर एकट्याच्या नावावर करून बसलेल्या रामप्रसादांना उत्तर लिहायचं धाडस कधी झालं नाही.

यंदा त्याच घरात सिनेमाचं शूटिंग आलं. गोष्टही घराच्या वादाचीच. भाऊ बहिणीला पत्र लिहितो, त्या शॉटसाठी म्हाताऱ्याचा हात हवा होता.

"नुसता हात दिसंल, काका. काहीबी लिहा, अक्षरं दिसणार न्हाईत," दिग्दर्शक रामप्रसादांना म्हणाला.

"अण्णा हिरो झाले की हो!" शेजारचा सांडू दारातून ओरडला.

रामप्रसादांनी चाचरत विचारलं, "मंग, पत्र वाचून येते का ती?"

"कुठली येते! पत्र पोचतं तवा बहीण मेलेली असते. पब्लिक ढसाढसा रडंल, बघा."

तीन टेक रामप्रसादांनी कागदावर नुसत्या रेघा ओढल्या. चौथ्यांदा मात्र त्यांनी झरझर लिहिलं, "कडू, अर्धं घर तुझंच आहे. निघून ये."

"ओके! तो कागद द्या, काका," म्हणत दिग्दर्शकानं वर पाहिलं, तर खुर्ची रिकामी.



पोस्टाच्या खिडकीशी स्पीड पोस्टची पावती घेत रामप्रसाद पुन्हा पुन्हा विचारत होते, "ताई, उद्याच्याला पोचंल ना?"