बिनसरसाचा रंग

"अंगठाछाप माणसाले काय समजते त्या अक्षरांतलं! ठेवा तो ब्रश खाली."

जयवंता टेबलाला आडवी झाली. देवाजीनं ब्रश काही ठेवला नाही. डब्यातला पांढरा रंग काडीनं ढवळत राहिला.

"सरक वं बाजूले."

"नाही सरकत. माह्या पोराची एवढीच निशाणी हाये घरात. एखादा फोटो तरी हाये का?"

"म्हनूनच म्हनतो, सरक. दोन महिने झाले. तू इथंच बसून राह्यते अन् भाकर तशीच वाळते. डोक्यावर परिणाम होईन तुह्या."

"होऊ द्या."

टेबल सागवानाचं, काळपट. सदर बाजारातल्या जुन्या सामानाच्या दुकानातून बळीरामसाठी हातठेल्यावर आणलेलं. मेश्रामांच्या घरात मॅट्रिकपर्यंत पोचलेला हा पहिलाच. एकुलता एक. अभ्यासाचा कंटाळा आला तेव्हा त्यानं कंपासच्या टोकानं टेबलावर वरच्या बाजूला आपलं नाव कोरलं होतं : बळीराम देवाजी मेश्राम. परीक्षेला आठ दिवस होते आणि टायफाइड झाला. धंतोलीच्या दवाखान्यात नेला, तो परत आला नाही.

जयवंता चौथी शिकलेली. रोज त्या अक्षरांतून बोट फिरवायची.

देवाजीला अक्षर म्हणजे म्हैस. मिलमध्ये पगाराच्या दिवशी निळा अंगठा करून यायचा. बळीराम मागं लागायचा, "बाबा, अर्धा घंटा बसा. नावापुरतं शिकवतो." देवाजी लगेच टोपी शोधायचा. "भोंगा झाला. मले आता जा लागते."

"बाबा, आज इतवार हाये!" म्हणून पोरगा हसत सुटायचा.

तर त्या दिवशी देवाजीनं रंग मारलाच. जयवंताला हाताला धरून बाजूला केलं, आणि तीन हातांत नाव गायब. टेबल पांढरं फटक.

रंग दुकानातला नव्हता. शाळेतला चपराशी लहानू खडूचे तुकडे आणून द्यायचा. देवाजीनं ते तिच्याच खलात कुटले, जुन्या धोतरातून चाळले, भिजवले. रंग धरून राहावा म्हणून सिगडीवर सरस उकळून त्यात ओतला आणि चिमूटभर नीळ टाकली. सरसाच्या वासानं घरात बसवेना. जयवंता बाहेर ओट्यावर जाऊन रडली.

त्या दिवसापासून तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं. भाकर मात्र खाऊ लागली. रागानं का होईना.

खरं म्हणजे एवढ्यावर काम संपायला पाहिजे होतं. पण ती पहाटे नळावरून पाणी घेऊन आली की टेबल ओलंच दिसायचं. ताजा पांढरा हात मारलेला. आज, उद्या, परवा. वास मात्र पहिल्या दिवसानंतर पुन्हा कधी आला नाही.

एक दिवस न राहवून तिनं तोंड उघडलं. "काहून रोज रंगवून राहिले?"

"डाग पडला होता."

"रोज डाग पडते? रोज माती लोटता माह्या पोरावर?"

देवाजीनं जेवणाचा डबा उचलला आणि निघाला. नखांत खडू भरलेला. उजव्या हाताचं बोट चिंधीनं बांधलेलं.

मग बळीरामचा कंपास दिसेना. तिनं पेटी उलटी केली, फडताळ पाहिलं.

"कंपास कुठं ठेवला?"

"मी काहून ठेवू?"

तिची खात्रीच झाली. हा माणूस पोराची एकेक वस्तू घरातून काढतोय. असल्या माणसाच्या पोटात काळीज नाही, खलबत्ता आहे.

त्या सकाळी इतवार, नळावर ही रांग. मागे लहानू बादली घेऊन उभा.

"वहिनी, देवाजीभाऊले सांगा, आता खडू नाही भेटत. हेडमास्तर मलेच इचारून राहिले. एका टेबलाले किती रंग लागते बाप्पा?"

"मले काय पुसता? त्यायलेच पुसा."

"अन् त्यात सरसच नाही टाकत तो. मी म्हनलं, गा देवाजी, पाण्याचा हात लागला का सारा निघून जाईन. तं म्हने, जाऊ दे."

जयवंतानं अर्धी घागर तशीच उचलली.

"अवं, नंबर जाईन तुहा!" बाया ओरडल्या. तिनं मागं पाहिलं नाही.

घरामागं खल वाजत होता. देवाजी खडू कुटत होता. तिनं घागरीत फडकं बुचकळलं आणि टेबलावरून फिरवलं. रंग दुधासारखा वाहिला. पहिल्या दिवसाचा सरसाचा थर कधीच खरवडून काढलेला होता. खालचं काळं लाकूड दिसलं, पण खडू कोरलेल्या रेघांत बसून राहिला होता. पाटीवर पेन्सिलीनं लिहावं तसं नाव पांढरंशुभ्र उठलं. बळीराम देवाजी मेश्राम.

तिनं बोट ठेवलं. शाबूत होतं. काहीच गेलं नव्हतं.

फडकं हातातून टेबलावरच खाली घसरलं. तिथंही पांढरं काही उठलं. तिनं अजून पुसलं. मग पार कडेपर्यंत पुसत गेली.

ओळींखाली ओळी होत्या. सगळं टेबल भरलेलं. वरच्या ओळींत 'ब' ची टांग मोडलेली, 'ळ' आडवा पडलेला. खाली खाली अक्षरं उठून बसत होती, उभी राहत होती. सगळ्यात शेवटची ओळ अगदी ताजी, रेघांच्या कडा अजून बोटाला खरखरीत लागणाऱ्या. त्या ओळीत एकच शब्द, सरळ, चुकीशिवाय : बळीराम.

खल वाजायचा थांबला. देवाजी दारात उभा होता. हातात कंपास.

जयवंतानं डोळे पुसले नाहीत. खुर्ची मागं ओढली.

"बसा," ती म्हणाली. "अर्धा घंटा बसा. पुढचं मी शिकवतो."

देवाजी टोपी शोधू लागला.

"भोंगा झाला. मले आता जा लागते."